मामांच्या वस्तऱ्याची रेघ

"सांगून कोणाला पटायचं नाही, म्हणून मी आजवर तोंड उघडलं नाही," मामा म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

ऐकणारा होता शेजारच्या खाटेवरचा ट्रॅक्टरवाला. त्याचा एक पाय प्लास्टरात घालून दोरीने वर टांगलेला. त्याला उठून जाता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती, आणि कान बंद करायची सोय देवाने ठेवलेली नाही. मामांना याहून चांगला श्रोता सबंध जन्मात मिळाला नव्हता.

"साप म्हणजे किती? तो दरवाजा दिसतोय? त्याच्या चौकटीत मावला नसता. नुसता फणाच एवढा–" मामांनी हात पसरायला घेतले, पण डावा हात बँडेजमध्ये होता आणि हलवला की कळ डोक्यापर्यंत जायची, म्हणून उजव्या हातावरच फणा भागवला.

"फणा?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. "काल तर म्हणालात, बुटका होता, जाडा, अंगावर ठिपके. फण्याचं नाव नव्हतं."

"काल ताप होता मला. आज डोकं साफ आहे."

"आणि परवा तो हातभर होता."

"अरे, परवा तू या खाटेवर नुकताच आलेला. नव्या पेशंटला एकदम एवढा मोठा साप दाखवायचा का?"

ट्रॅक्टरवाला हसला, आणि हसताना टांगलेला पाय हलला म्हणून ओरडला. मामा खूश झाले. माणूस एकाच वेळी हसतो आणि ओरडतो, म्हणजे गोष्ट नीट लागली.

मामा म्हणजे गावातले न्हावी. सख्खे मामा कोणाचेच नव्हते, पण त्यांच्या खुर्चीत बसून ज्याने जावळ काढताना रडून घेतलं नाही असा माणूस गावात शोधावा लागला असता, त्यामुळे ते सगळ्यांचे मामा आणि त्यांची बायको सगळ्यांची मामी. दुकान म्हणजे एक खोली. पुढे खुर्ची आणि आरसा, मागे पडदा, पडद्यामागे घर. गिऱ्हाइकांसाठी नवी पाती होती, एकदा वापरून फेकायची. पण जुन्या मंडळींना, त्यात हा ट्रॅक्टरवालाही आला, मामांच्या वडिलांचा लांब पात्याचा वस्तराच लागायचा. तो वस्तरा मामा चामड्याच्या पट्ट्यावर असा घासत की आवाज ऐकूनच दाढीचे केस उभे राहत. आणि केस कापून झाले की मानेवर शेवटची रेघ. आडवी, सरळ, आणि संपता संपता उजवीकडे किंचित वर उचललेली. ती उचल मामांची खूण. पाठमोऱ्या माणसाकडे बघून गावात सांगता यायचं की हा मामांकडून आला, की शहरातून पैसे घालवून आला.

या सगळ्याला दोन्ही हात लागतात. लोकांना वाटतं, न्हाव्याचं सगळं उजव्या हातात. उजवा हात नुसता चालतो हो. गालाची कातडी ताणून धरतो डावा, कान दुमडून धरतो डावा, कंगव्यावर केस उचलून देतो डावा. डाव्याने नीट धरलं नाही तर उजव्याने कापायचं काय, कान?

आणि साप चावला होता डाव्या हाताला. मधल्या बोटाच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात.

आता चावला कसा, ते सापाची लांबी न वाढवता सांगायचं तर असं. दुकानात झाडलेले केस मामा एका गोणीत भरून मागच्या पडवीत ठेवत. शेतकरी ती गोणी घेऊन जात आणि शेताच्या कडेने केस पसरत. माणसाच्या वासाने रानडुकरं आत येत नाहीत म्हणे. गोणीत उबदार जागा बघून उंदरांनी बाळंतपणं केली. उंदरांच्या वासावर साप आला. आणि सापाचा वास मामांना काही आला नाही, कारण ते शीळ घालत गोणीचं तोंड आवळायला वाकले होते. प्रेशर कुकरची शिट्टी फसावी तसा आवाज झाला, आणि बेचक्यात दोन सुया एकदम टोचल्यासारखं झालं. बस. साप खरा तर मामांच्या कोपरापर्यंतसुद्धा पुरला नसता. तो केसांतून निघाला आणि भिंतीच्या भोकातून गेला, अंगावर दोन-चार पांढरे केस घेऊन.

इथपर्यंत मामांची काही चूक नव्हती. पुढची सगळी त्यांची.

ती चूक किती मोठी, ते कळायला आरशावरचं पोस्टर बघायला हवं. वर्षापूर्वी दवाखान्यातली सिस्टर दुकानात आली होती. बारकीशी मुलगी, पण आवाज असा की दोन गल्ल्यांतली कुत्री बसायची. म्हणाली, "मामा, गावातला प्रत्येक बाप्या महिन्यातून एकदा तरी तुमच्या आरशासमोर बसतो. माझ्या बैठकीला कोणी येत नाही. हे इथे लावू?" आणि तिने पोस्टर चिकटवलं. सापाचं चित्र, हाताचं चित्र, आणि लाल फुल्या. दोरीवर फुली, चाकूवर फुली, वाटून लावायच्या लेपावर फुली. खाली एक गाडी, दवाखान्याकडे निघालेली.

"लोक सापाने मरतात त्याहून जास्त हातपाय पुढच्या उपद्‌व्यापाने जातात, मामा," ती म्हणाली होती. "कोणी घट्ट बांधून आणतो, बोट काळं पडलेलं. कोणी चिरून आणतो, कोणी डाग देऊन, कोणी राख चोळून. विष आम्ही उतरवतो. मग आठवड्याने जखम सडते. साप चावून वाचलेला माणूस औषधोपचारानंतर एका पायावर घरी जातो, ते मला बघवत नाही."

मामांना हे काम फार आवडलं. ते दाढी करता करता सांगत, "बांधायचं नाही, कापायचं नाही, चोळायचं नाही. हलायचं नाही, थेट दवाखाना." आणि सांगताना वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर असायचा, त्यामुळे आजवर कोणी उलट बोललं नव्हतं.

आणि त्या दिवशी बेचक्यातून रक्त आलेलं पाहिल्यावर याच मामांनी काय केलं? पडवीतून दुकानात आले. पट्टा ओढला आणि मनगटाला करकचून आवळला. वस्तरा उचलला, सकाळपासून तीन दाढ्या झालेला, आणि बेचक्यात रेघ ओढली. रक्त थांबेना. सापाचं विष रक्त पातळ करणारं होतं, ते थांबणार कसं? पण न्हाव्याचा हात. कापलं की तुरटी, हे त्याला विचार न करता येतं. बापाने तसंच शिकवलं, आज्यानेही तसंच केलं. मामांनी तुरटीचा खडा घेतला, ज्यावर गावातल्या निम्म्या दाढ्यांचं खुंट चिकटलेलं होतं, आणि चिरेत घासला. थांबेना, म्हणून कोपरा मोडून आतच दाबून बसवला.

मग त्यांनी मान वर केली. समोर आरसा. आरशावर पोस्टर. तिन्ही फुल्या त्यांच्याकडे बघत होत्या.

मामांनी पट्टा सोडला, खडा खिशात टाकला आणि वस्तरा नळाखाली धरला. मग हाक मारली, "अगं ए, मला साप चावलाय गं!"

मामी पडदा बाजूला करून आल्या. त्यांनी पाहिलं की साप चावलेला माणूस वस्तरा धुतोय. त्या क्षणी काही बोलायला वेळ नव्हता. दारातून जाणाऱ्या टेम्पोला त्या आडव्या उभ्या राहिल्या, मामांना आत कोंबलं आणि दवाखाना गाठला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही बांधलं होतं? कापलं? लावलं?"

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "अहो बाई, हे मामा! माझं पोस्टर यांच्याच आरशावर आहे. सगळ्या गावाला हेच सांगतात. थेट आलात ना मामा?"

तिचे डोळे असे चमकत होते की मामांच्या तोंडून आपोआप निघालं, "थेट. हललोसुद्धा नाही."

"मग ही चीर?" बाईंनी विचारलं.

"मी हात झटकला, बाई. दात रुतलेले. फरफटत गेले."

बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण रक्त काचेच्या नळीत गोठत नव्हतं, सलाईन लावायची होती, इंजेक्शनं फोडायची होती. आठी तशीच राहिली. विष उतरलं. रक्त गोठायला लागलं. मामा घरी निघाले तेव्हा सिस्टरने अख्ख्या बाह्यरुग्ण विभागासमोर त्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्यांनी मामांच्या तोंडाला कुलूप लागलं.

पण हात काही टाळ्यांनी भुलला नाही. चिरेचं तोंड वरून मिटलं, छान गुलाबी कातडी धरली, आणि आतून ठसठस सुरू झाली. बेचकं फुगलं. फुटलं, पू गेला, मिटलं. पुन्हा फुगलं. मग एक दिवस तापाने दात वाजायला लागले आणि मामा परत दवाखान्यात, या खाटेवर.

"विष केव्हाच गेलंय," डॉक्टरीणबाई रोज म्हणत. "हा नंतरचा जंतुसंसर्ग आहे. औषध बदललं, रोज साफ करतेय, दात लागले त्या जागा उघडून पाहिल्या. तरी आत कुठून भरतंय, तेच कळत नाही." आणि रोज एकदा, सहज विचारल्यासारखं, "खरंच काही लावलं नव्हतं?"

"पोस्टर माझ्याच आरशावर आहे, बाई," मामा म्हणत. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी बाईंनी मामींना व्हरांड्यात बोलावलं. व्हरांड्याच्या खिडकीला काच नव्हती, आणि मामांचे कान न्हाव्याचे. दुकानात पाण्याचा नळ चालू असताना बाकावर कोण कोणाच्या सुनेबद्दल काय बोललं ते त्यांना ऐकू यायचं. "अजून दोन दिवस बघते," बाई म्हणत होत्या. "नाहीच ओसरलं तर मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल. हाडाला लागलं तर ती दोन बोटं काढतील. हात वाचवायचा म्हणजे ते करावंच लागतं."

मामी एकूणच कमी बोलायच्या, कारण घरातली बोलायची सगळी जागा मामांनी आधीच अडवून ठेवलेली. पण आत आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं, मामा पांघरुणाखाली काहीतरी करतायत. पांघरूण उचललं. बँडेजातून बाहेर आलेल्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात कंगवा धरून मामा बघत होते, दोनावर भागतंय का. कंगवा सारखा निसटत होता.

"काय करताय?"

"काही नाही. खाजवत होतो."

"कंगव्याने?"

"नखं कापलीयत."

मामांना एकदा वाटलं, सांगून टाकावं. हिलाच सांगावं, ही कोणाला बोलणार नाही. पण तेवढ्यात सिस्टर दारातून डोकावली, म्हणाली, "मामा, उद्या आजूबाजूच्या गावांतल्या आपल्या आरोग्यसेविका येणार आहेत. मी त्यांना सांगून ठेवलंय, आमच्याकडे एक असा माणूस आहे ज्याने पोस्टर शब्दशः पाळलं. तुम्ही दोन शब्द बोलाल ना?"

"दोन?" ट्रॅक्टरवाला खाटेवरून म्हणाला. "सिस्टर, सापाची शेपटी येईपर्यंत संध्याकाळ होईल."

मामांनी दोन शब्द बोलायचं कबूल केलं. आणि मग करायला काही नव्हतं आणि हाताकडे बघत बसवत नव्हतं म्हणून त्यांनी मामींना घरून कैची आणि नवी पाती आणायला लावली आणि ट्रॅक्टरवाल्याचे केस कापले. उजव्या हाताने कापले, कंगवा ट्रॅक्टरवाल्यानेच आपल्या डोक्यावर धरला. "वर घे. अरे वर म्हणजे आभाळात नाही. कान सांभाळ, तुझाच आहे." वेळ लागला, पण कापले. शेवटी मानेवर रेघ मारली, सरळ, आणि संपता संपता थोडी वर उचलली. ट्रॅक्टरवाल्याने वॉर्डभर आरसा मागितला. मिळाला नाही. मामा म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेव, नवरदेव दिसतोयस. एका पायाचा, पण नवरदेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई ड्रेसिंगला बसल्या होत्या तेव्हाच आरोग्यसेविका आल्या. सात-आठ बायका, खांद्याला पिशव्या, पायांवर वाटेची धूळ. खाटेभोवती उभ्या राहिल्या. मामी पायथ्याशी स्टुलावर, हातात चहाचा थर्मास. बँडेज सुटलं. बेचकं पुन्हा फुगलेलं, लालसर, कडेला पिवळट.

"सांगा मामा," सिस्टर म्हणाली.

मामांनी बायकांकडे पाहिलं. एवढी माणसं, एवढे कान! ताप असो की ठसठस, मामांना अंगात काहीतरी चढल्यासारखं झालं. "सांगून तुम्हांला पटायचं नाही, बायांनो," त्यांनी सुरुवात केली, आणि साप आला. आज तो पडवीच्या एका टोकाला होता तेव्हा त्याची शेपटी दुसऱ्या टोकाला होती. डोळे बैलगाडीच्या कंदिलासारखे. मामा म्हणाले, मी हललो नाही. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू तुझं काम कर, मी माझं करतो. तो चावला. मी हात झटकला, पण दात काय साधे? विळ्यासारखे! तो मागे ओढतोय, मी पुढे ओढतोय, आणि कातडी फाटत गेली, फाटत गेली, इथून इथपर्यंत–

"अहो," मामी म्हणाल्या. "थांबा जरा."

मामा थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गोष्टीच्या मध्यात मामींनी कधी 'थांबा' म्हटलं नव्हतं.

मामींनी थर्मास खाली ठेवला. उठल्या, मामांचा डावा हात हातात घेतला आणि खिडकीकडे वळवला. "बाई, जरा उजेडात बघा. ही चीर बघा. सरळ आहे ना?"

"आहे."

"आणि इथे शेवटाला?"

बाई वाकल्या. "वर उचललीय थोडी."

मामी वळल्या, ट्रॅक्टरवाल्याच्या खाटेशी गेल्या, आणि तो "अहो मामी, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी त्याची मान धरून पुढे वाकवली आणि सदऱ्याची कॉलर खाली ओढली.

"आता हे बघा," मामी म्हणाल्या.

सगळ्या बायकांनी पाहिलं. बाईंनी पाहिलं. सिस्टरने पाहिलं. ट्रॅक्टरवाल्याच्या मानेवर सरळ रेघ, संपता संपता उजवीकडे किंचित वर.

"इतकी वर्षं ही रेघ बघतेय मी," मामी म्हणाल्या. "साप अशी रेघ मारत नाही. आणि मारलीच, तर शेवटी वर उचलत नाही. तरीच म्हटलं, साप चावलेला माणूस आधी वस्तरा का धुतोय! डोक्यात आलं होतं, पण गडबडीत राहून गेलं. अहो, बोटं जातील तुमची. आता तरी बोला."

मामांनी आधी सापाकडे पाहिलं, म्हणजे जिथे आत्ता साप होता त्या हवेत. तिथे कोणी नव्हतं. मग सिस्टरकडे. तिचा चेहरा पाहवेना. मग ते मामींकडे बघून म्हणाले, "तुरटीपण लावली."

"काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वस्तऱ्याने चिरलं. मग तुरटी घासली. मग..." आवाज बारीक झाला, "कोपरा मोडून आत बसवला."

"आत? किती आत? वस्तरा कुठून कुठे गेला, मामा? नीट दाखवा, आता एक अक्षर वाढवून सांगायचं नाही."

मामांनी उजव्या हाताचं बोट वस्तऱ्यासारखं धरलं आणि दाखवलं. वस्तरा सरळ खाली गेला नव्हता, तिरका, तळहाताच्या अंगाला गेला होता. वरून दिसत होती ती नुसती तोंडाची रेघ. "अरे देवा," बाई म्हणाल्या. "मी इतके दिवस दात लागलेल्या जागा साफ करतेय, आणि पू साठलेला खिसा आहे पलीकडे." त्या उठल्या. "सिस्टर, चला. बधिर करायचं इंजेक्शन घ्या."

खिसा उघडला तेव्हा मामांनी डोळे मिटले होते, पण कान उघडे होते. आधी चिमट्याचा आवाज झाला, मग काहीतरी टपकन थाळीत पडलं. तुरटीचा तुकडा, झिजून वाटाण्याएवढा उरलेला. मग बाई बराच वेळ काहीतरी काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, हे काय आहे? केस?"

"खुंट," मामांनी डोळे न उघडता सांगितलं. "दाढीचं."

"काळं आहे. पांढरं आहे. हे तांबडं कोणाचं?"

"गवंड्याचं असेल. मेंदी लावतो."

बाईंना हसू आवरेना, पण हात मात्र स्थिर होता. शेवटी कधी नव्हे ते सिस्टरही हसली, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि मग मामांना जे बोलायचं ते बोलली. ते इथे लिहीत नाही. आवाज दोन गल्ल्यांपर्यंत जायचा हे वर सांगितलंच आहे. मामांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. एवढं खाली मान घालून त्यांनी आयुष्यात फक्त गिऱ्हाइकांना बसवलं होतं.

"टाळ्या वाजवल्या हो मी!" शेवटी ती म्हणाली.

"परत घ्यायच्या असतील तर घ्या, ताई," मामा म्हणाले.

"त्यापेक्षा असं करा. या बायका बाहेर बसल्यात. बरे झालात की त्यांच्या गावोगाव बैठकीला या आणि हेच सांगा. पट्टा, वस्तरा, तुरटी, सगळं. पोस्टर पाळणाऱ्याची गोष्ट कोणी ऐकत नाही. न पाळणाऱ्याची ऐकतील."

मामींनी थर्मासातला चहा ओतला, पहिला कप सिस्टरला दिला आणि दुसरा मामांच्या उजव्या हातात.

तुरटी निघाली, केस निघाले, औषध आता जिथे पोचायला हवं तिथे पोचायला लागलं. ताप गेला. जखम या वेळी तळापासून भरत आली, वरून नाही. मोठ्या रुग्णालयाचं नाव पुन्हा निघालं नाही. बोटं दोन्ही राहिली. मधलं पुरतं वाकत नाही एवढंच, पण गालाची कातडी ताणायला न वाकणारं बोट उलट बरं पडतं, असं मामा म्हणतात, आणि हे खोटं असलं तरी त्याने कोणाचं बिघडत नाही.

दुकान पुन्हा उघडलं. केसांची गोणी आता पडवीत नाही, बाहेर पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात आहे, आणि मामा ती उचलायच्या आधी काठीने पिंप वाजवतात. तुरटी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी, छोटीशी, आणि वापरली की कचऱ्यात. पोस्टर आरशावर तसंच. गावोगावच्या बैठका मामांनी गाजवल्या. लोक लांबून येतात, पुढच्या रांगेत बसतात, आणि परवा पलीकडच्या वस्तीतल्या एकाला साप चावला तेव्हा तो खरंच थेट दवाखान्यात आला. कापलं नाही, बांधलं नाही, चोळलं नाही. सिस्टरने टाळ्या वाजवायच्या आधी त्याचा हात दोन्ही बाजूंनी उजेडात धरून पाहिला, मग वाजवल्या.

ट्रॅक्टरवाल्याच्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हा तो लंगडत पहिला मामांच्या खुर्चीत येऊन बसला. मामांनी फेस लावला, पट्ट्यावर वस्तरा घासला, डाव्या हाताने गाल ताणला. बाकावर दोन नवे चेहरे होते, कुठल्याशा बाजाराहून आलेले. मामांच्या अंगात तेच काहीतरी चढलं.

"सांगून कोणाला पटायचं नाही," ते म्हणाले. पडदा जरासा हलला. मामी पलीकडे टॉवेल घड्या करत होत्या. "पण त्या दिवशी डॉक्टरीणबाई समोर, सिस्टर समोर, आठ-आठ बायका समोर. बोटं जायची वेळ. आणि एक शब्द कोणी काढायच्या आधी मी, बरं का, मी स्वतःहून म्हटलं, बाई, माणसाने खरं बोलावं. ही चीर सापाची नाही, माझी आहे–"

ट्रॅक्टरवाल्याच्या गळ्यावर वस्तरा होता. त्याने मामांचं मनगट धरलं, वस्तरा हळूच बाजूला केला, आणि फेसाने भरलेल्या तोंडाने ओरडला:

"खोटं! साफ खोटं! मामींनी पकडलं तुम्हांला, मामा, आणि मान वाकवली ती माझी!"